तरुणांसाठीच्या योजनांचा हिशेब 1 मेच्या ग्रामसभेत : आढावा कसा घ्यायचा, काय विचारायचं

31 मार्च उलटला की जिल्हा परिषदेपासून ग्रामपंचायतीपर्यंत खर्चाचे तक्ते जुळवले जातात. किती लाभार्थी, किती रुपये, किती टक्के खर्च. रकाने भरले की योजना राबवली असं धरलं जातं. ज्या पोरापोरींच्या नावानं हा पैसा ठेवला होता त्यांचं वर्षभरानं काय झालं, याचा रकाना मात्र त्या तक्त्यात नसतो. अर्ज करूनही जे मागं राहिले, त्यांचाही नसतो.

हे विचारायची जागा कायद्यानं गावातच दिलेली आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढं मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवायची असते. बहुतेक गावांत ही पहिली सभा 1 मे रोजी भरते. म्हणजे तरुणांच्या योजनांचा आढावा घ्यायला वेगळी परवानगी लागत नाही. पैसा कुठं असतो, कागद कुठला मागायचा आणि प्रश्न कोणता विचारायचा, एवढं माहीत असलं म्हणजे झालं.

तरुणांच्या नावाचा पैसा नेमका कुठं असतो

जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात 'तरुण' किंवा 'युवक' म्हणून राखून ठेवलेला टक्का नसतो. त्यामुळं 'तरुणांसाठी किती खर्च केला' असं नुसतं विचारलं तर नीट उत्तर मिळत नाही. तो पैसा तीन-चार विभागांत विखुरलेला असतो.

जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न असतं, त्याला बोलीभाषेत सेस फंड म्हणतात. जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, पाणीपट्टीवरचा उपकर, ठेवींवरचं व्याज हे त्यात येतं. या स्वनिधीतून 20 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या योजनांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायची असते. पहिली रक्कम समाजकल्याण विभाग खर्च करतो, दुसरी महिला व बालकल्याण विभाग.

ग्रामपंचायतीलाही असंच बंधन आहे. घरपट्टी, बाजार फी, गाळ्यांचं भाडं अशा स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात.

समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं वर्षाचं उत्पन्न 4 लाख रुपये आहे. मग 60 हजार मागासवर्गीयांसाठी, 40 हजार महिला-बालकल्याणासाठी आणि 20 हजार दिव्यांगांसाठी, असे एकूण 1 लाख 20 हजार रुपये होतात. लहान गावासाठी ही रक्कम छोटी नाही. पण घरपट्टीची वसुली निम्मीच झाली तर हा आकडाही निम्म्यावर येतो. घरपट्टी थकवणारा माणूस गावातल्या पोरीच्या संगणक शिक्षणाचे पैसेही थकवत असतो, ही गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

या दोन्हींशिवाय वित्त आयोगाचा निधी गावात येतो. 15 व्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीला 80 टक्के, पंचायत समितीला 10 टक्के आणि जिल्हा परिषदेला 10 टक्के अशी वाटणी होती. त्यातला 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, तर 40 टक्के गावाच्या गरजेनुसार खर्च करायचा होता. अभ्यासिका, वाचनालय, व्यायामाचं साहित्य अशा गोष्टी घ्यायच्या तर त्या गावाच्या विकास आराखड्यात आधी लिहिलेल्या असाव्या लागतात.

एक बाजू इथंच लक्षात घ्यायला हवी. मागासवर्गीय, महिला आणि दिव्यांग यांच्यासाठी टक्के ठरलेले आहेत. इतर मागास किंवा खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारकाच्या पोरासाठी असा ठरलेला टक्का नाही. त्याला कृषी किंवा पशुसंवर्धन विभागाच्या योजनांकडं जावं लागतं, आणि तिथं सातबारा बहुधा बापाच्या नावावर असतो. वीस-बावीस वर्षांचा पोरगा रोज शेतात राबतो, पण कागदावर तो शेतकरी नसतो.

योजना दोन प्रकारच्या : वस्तू आणि प्रशिक्षण

महिला व बालकल्याणाच्या 10 टक्के निधीतून काय घेता येतं, याची यादी शासनाने 2014 मध्ये ठरवून दिली आहे. तिचे सरळ दोन गट आहेत. एका गटात प्रशिक्षण आणि सक्षमीकरण : सातवी ते बारावी पास मुलींना संगणक प्रशिक्षण, व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण, स्वसंरक्षणाचे धडे, तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह, समुपदेशन केंद्र. दुसऱ्या गटात वस्तू : सायकल, शिलाई मशीन, पिठाची गिरणी अशा.

समाजकल्याणच्या 20 टक्क्यांतही हाच मेळ दिसतो. कुठं एमएस-सीआयटीची फी, वाहनचालक प्रशिक्षण, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. कुठं शिलाई मशीन, झेरॉक्स मशीन, लॅपटॉप. कोणत्या वर्षी काय द्यायचं हे प्रत्येक जिल्हा परिषद ठरवते. त्यामुळं शेजारच्या जिल्ह्यात मिळतं ते आपल्याकडं मिळेलच असं नाही.

वस्तू वाटली की फोटो निघतो आणि खर्चही एका झटक्यात पडतो. प्रशिक्षणाला शिक्षक, जागा, हजेरी आणि परीक्षा लागते. म्हणून मार्चअखेर जवळ आली की कल वस्तूंकडं झुकतो. आढावा घेताना हे दोन रकाने वेगळे करून बघावेत. सायकल मिळालेली मुलगी आजही कॉलेजला जाते का, आणि शिलाई मशीन चालू आहे की पलंगाखाली आहे, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. फक्त ते कागदावर येत नाही.

अर्जापासून खात्यापर्यंतची वाट

साधारण वाट अशी. मार्चमध्ये अंदाजपत्रक मंजूर होतं. मग विषय समिती योजना ठरवते, जाहिरात निघते. अर्ज ग्रामपंचायत, अंगणवाडी किंवा पंचायत समितीत जमा होतात, काही जिल्ह्यांत ऑनलाइन भरावे लागतात. महिला-बालकल्याणचे अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयातून, तर समाजकल्याणचे गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्ह्याला जातात. तिथं छाननी, निवड यादी, समितीची मंजुरी.

अर्जासोबतचे कागद बघा. आधार, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुक, यापूर्वी लाभ न घेतल्याचा दाखला, घरी शौचालय असल्याचा दाखला, कुठं कुठं ग्रामसभेचा ठराव. उत्पन्नाचा दाखला बहुतेक वेळा दरवर्षी नवा काढावा लागतो. प्रत्येक कागदामागं तालुक्याची एक फेरी, आणि फेरीमागं एका दिवसाची मजुरी जाते.

म्हणून आढाव्यात नुसते मंजूर अर्ज मोजून भागत नाही. किती अर्ज आले, किती बाद झाले आणि कोणत्या कागदासाठी बाद झाले, हे विचारायला हवं. एकाच गावातले दहा अर्ज एकाच दाखल्यासाठी बाद झाले असतील तर दोष त्या दहा जणांचा धरता येत नाही. त्या दाखल्यासाठी गावात एक दिवस शिबिर लावलं असतं तर दहाही अर्ज बसले असते.

आधी खरेदी, मग पैसे

पूर्वी जिल्हा परिषद स्वतः वस्तू खरेदी करून वाटायची. निकृष्ट मालाच्या आणि ठेकेदारीच्या तक्रारी व्हायच्या. 5 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयानंतर वस्तूऐवजी रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यात द्यायची पद्धत आली. निवड झालेल्यानं ठरलेल्या प्रतीची वस्तू बाजारातून घ्यायची, जीएसटीचं पक्कं बिल द्यायचं, तपासणी झाली की आधार जोडलेल्या खात्यात पैसे जमा होतात.

या पद्धतीनं एक दुखणं बरं केलं. मशीन आपल्या पसंतीचं घेता येतं आणि मधला माणूस कमी झाला. पण दुसरं दुखणं उभं राहिलं. आधी पैसे घालायला ज्याच्याकडं नाहीत, त्यानं काय करायचं? समजा गिरणीला 15 हजार लागतात. ज्याच्या घरात 15 हजार आहेत तो मुदतीत खरेदी करतो. ज्याच्याकडं नाहीत तो सावकाराकडं जातो, दुकानदाराची उधारी करतो, नाहीतर निवड यादीत नाव असून खरेदीच करत नाही. मग प्रतीक्षा यादीतला पुढचा माणूस आत येतो. तक्त्यात खर्च 100 टक्के दिसतो, आणि ज्याच्यासाठी योजना आखली होती नेमका तोच बाहेर राहतो.

ही अडचण कळायला एकच आकडा पुरतो : निवड झालेल्यांपैकी मुदतीत खरेदी न करू शकलेले किती? हा आकडा पंचायत समितीच्या टेबलावर असतो, कारण त्यांची नावं वगळल्याशिवाय पुढची नावं घेता येत नाहीत. तो मागितला पाहिजे. उपायही अवघड नाही. गावातल्या बचतगटानं किंवा ग्रामसंघानं निवडपत्र बघून तेवढ्यापुरतं कर्ज दिलं, आणि अनुदान वेळेत जमा झालं, तर पोरगी सावकाराच्या दारात जात नाही. मात्र त्यासाठी अनुदान किती दिवसांत जमा होतं, याची तारीखही आढाव्यात यायला हवी.

हंगाम कुणी बघायचा

बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. कोयत्यावर जाणाऱ्यांत अठरा ते पंचवीस वयाची जोडपी मोठ्या संख्येनं असतात.

आता योजनेचं वेळापत्रक यावर ठेवून बघा. अंदाजपत्रकानंतर समितीची मंजुरी, जाहिरात आणि छाननी यात महिने निघून जातात. निवड यादी, खरेदीची मुदत आणि तपासणी अनेकदा वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत येते. त्या वेळी हे तरुण फडात असतात. तपासणीला घर बंद, बिल द्यायला माणूस नाही, नाव वगळलं जातं. 26 जानेवारीची ग्रामसभाही त्यांच्याविनाच होते.

म्हणून अर्ज घ्यायचे ते मे ते ऑगस्ट या काळात, आणि खरेदी दसऱ्याच्या आत पूर्ण करायची, असा आग्रह गावानं धरायला हवा. ग्रामसभेनं तसा ठराव करून पंचायत समितीला पाठवता येतो. 1 मेची सभा आढाव्याला योग्य असण्याचं हे दुसरं कारण आहे : त्या दिवशी गाव भरलेलं असतं.

सहा महिन्यांचे अकरा झाले, पुढं काय?

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही स्थानिक संस्थांची योजना नाही. पण तिच्यातले अनेक तरुण ग्रामपंचायत, जिल्हा परिषद शाळा आणि पंचायत समितीच्या कार्यालयातच काम करत होते, म्हणून तिचा धडा इथं घ्यावा लागतो. 9 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ती सुरू झाली. वय 18 ते 35. बारावी पासला महिना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8 हजार, पदवीधर व पदव्युत्तरला 10 हजार रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने होती, 2025 मध्ये ती पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने केली.

गावाकडच्या पोरांना स्वतःच्या गावात राहून महिन्याला पैसे मिळाले, कार्यालयाचं कामकाज कळलं, संगणकावर हात बसला. हे खरंच झालं. प्रशिक्षण म्हणजे कायम नोकरी नव्हे हेही सुरुवातीपासून कागदावर होतं. तरीही मुदत संपल्यावर कायम करा म्हणून ठिकठिकाणी आंदोलनं झाली. वर्षभर शाळेत शिकवलेल्या किंवा दाखले टाइप केलेल्या तरुणाला दुसऱ्या दिवशी घरी बसायला सांगितलं की त्याला ते लागणारच.

आढाव्याच्या दृष्टीनं यातून एक शिकायचं. कोणत्याही प्रशिक्षणाच्या योजनेत 'संपल्यावर काय' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो. प्रमाणपत्र कुठं चालतं, त्या कामाला तालुक्यात मागणी आहे का, किती जण त्याच कामात टिकले. गावात आधीच चार शिलाईकाम करणाऱ्या बाया असतील आणि आणखी पंधरा जणींना शिलाई शिकवली, तर ब्लाउजचा दर पडण्यापलीकडं काही होत नाही. त्याच गावात मोटार रिवाइंडिंग, ठिबक दुरुस्ती किंवा मोबाईल दुरुस्तीला माणूस नसेल, तर लोक त्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालतच राहतात.

अभ्यासिकेची किल्ली

गावोगाव पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचं असतं, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. मैदान नाही म्हणून ट्रॅक्टर-टेम्पोच्या रस्त्यावर सराव चालतो. अंधारात हा सराव जिवावर बेतू शकतो.

अनेक ग्रामपंचायतींनी अभ्यासिका किंवा व्यायामाचं साहित्य घेतलं, हे चांगलंच. पण इमारत झाली की खर्चाचा तक्ता पूर्ण होतो आणि वापराचा तक्ता सुरूच होत नाही. किल्ली कुणाकडं आहे? रात्री नऊनंतर दिवा असतो का? वीजबिल कोण भरतो? पुस्तकं कोणत्या वर्षाची आहेत? मुलींना बसायला वेगळी जागा किंवा ठरलेली वेळ आणि स्वच्छतागृह आहे का? मुली येत नाहीत असं म्हणून विषय संपवतात, पण स्वच्छतागृह नसलेल्या खोलीत त्या चार तास बसणार कशा?

आढावा कोण घेतं

जिल्हा परिषदेत हे काम विषय समित्यांचं. समाजकल्याण समिती आणि महिला व बालकल्याण समिती यांच्या सभेत सदस्य अधिकाऱ्यांना विचारू शकतात. पण बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली आणि पुढं काही वर्षं कारभार प्रशासकांकडं राहिला. खर्च होत राहिला, समितीत बसून आपल्या गटातल्या पोरांसाठी भांडणारा सदस्य मात्र नव्हता. त्या वर्षांचे आकडे म्हणूनच जास्त बारकाईनं बघायला हवेत.

स्थानिक निधी लेखापरीक्षणाचं पथक हिशेब तपासतं आणि आक्षेप काढतं. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येऊन लेखापरीक्षणातल्या मुद्द्यांवर साक्ष घेते, तेव्हा यंत्रणा रात्री जागून कागद लावते हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण ही दोन्ही तपासणी पैसा नियमानं गेला का, एवढंच मुख्यतः बघतात. त्या पैशानं पोरगं उभं राहिलं का, हे फक्त गावालाच ठाऊक असतं.

यंत्रणेची बाजूही समजून घेतली पाहिजे. एकेका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडं, दोन-दोन गावांचा कारभार असतो. निवडणूक, पंचनामे, घरकुल, पाणीटंचाई, रोजचे दाखले हे सगळं सांभाळून तो योजनेचे अर्ज भरून घेतो. लाभार्थ्याचं वर्षानंतर काय झालं हे लिहायला त्याला कुणी सांगितलेलंच नाही. ज्या कामाचा रकाना नाही ते काम होत नाही. म्हणून भांडण माणसाशी नको, रकाना वाढवून घ्यायला हवा.

कागद कुठून मिळवायचे

1. ग्रामपंचायतीत नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, आणि नमुना 28 म्हणजे मागासवर्गीयांच्या 15 टक्के व महिला-बालकल्याणाच्या 10 टक्के खर्चाचं विवरण. हे दोन कागद शेजारी ठेवले की ठेवायचे किती होते आणि खर्चले किती, हे दहा मिनिटांत कळतं.

2. खर्च न झालेली रक्कम अनुशेष म्हणून पुढच्या वर्षी दाखवली आहे का, ते बघावं. ती मुकाट्यानं दुसऱ्या कामात मिसळू देऊ नये.

3. वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा आणि देयकं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाईलवरही दिसतात. गावाचं नाव निवडलं की कामनिहाय खर्च उघडतो.

4. जिल्हा परिषदेसह जिल्ह्यातल्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत, असं शासनाचं 2018 चं परिपत्रक आहे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी.

5. एवढं करूनही कागद मिळाला नाही तर माहितीचा अधिकार. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. उत्तर 30 दिवसांत, नाही आलं तर पहिलं अपील. अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील तर न मागता प्रसिद्ध करणं कलम 4 नुसार कार्यालयाचंच काम आहे. मात्र कुणाचा खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक चव्हाट्यावर आणायची गरज नाही.

सभेत विचारायचे आठ प्रश्न

1. मागच्या वर्षी आपल्या गावातून 18 ते 35 वयाच्या किती जणांनी अर्ज केले? कोणत्या योजनेसाठी?

2. किती मंजूर, किती बाद, आणि बाद कोणत्या कागदासाठी?

3. निवड होऊनही पैशाअभावी खरेदी न करू शकलेले किती?

4. बिल दिल्यापासून खात्यात पैसे यायला किती दिवस लागले?

5. वस्तूंवर किती खर्च, प्रशिक्षणावर किती?

6. दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी आज त्या कामात किती जण आहेत?

7. वस्त्या, तांडे, पाडे यांच्यावरचे अर्ज किती? जाहिरात तिथवर पोचली का, की ग्रामपंचायतीच्या फलकावरच राहिली?

8. मुली किती, दिव्यांग तरुण किती?

यातल्या सहाव्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच कार्यालयात तयार नसतं. ते गावानंच काढायचं. लाभार्थी यादी घेऊन दोन कॉलेजची पोरं आणि एक आशाताई किंवा अंगणवाडीताई बसल्या तर एका लहान गावाचं काम दुपारभरात होतं. नावापुढं चार शब्द पुरेत : 'काम चालू', 'बंद', 'गाव सोडलं', 'लग्न होऊन गेली'. शेवटच्या दोघांना अपयश समजू नये. पुण्याला गेलेला पोरगा तेच काम करत असेल तर प्रशिक्षण कामी आलं.

वर्षाचं वेळापत्रक

ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. तरुणांच्या योजनांसाठी त्यांचा उपयोग असा करता येईल.

1 मे : मागच्या वर्षाचा हिशेब आणि वरचे आठ प्रश्न. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायची. तोंडी उत्तर पुढच्या सभेत कुणाला आठवत नाही.

15 ऑगस्ट : चालू वर्षाचे अर्ज आणि निवड यादी कुठवर आली ते विचारायचं. दाखल्यांचं शिबिर याच्या आधी उरकून घ्यायचं.

2 ऑक्टोबर : पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्याची चर्चा. अभ्यासिका, मैदान, प्रशिक्षण यातलं जे हवं ते इथं लिहिलं गेलं नाही तर वर्षभर वाट बघावी लागते. बाहेरगावी जाणाऱ्यांनी आपली मागणी याच सभेत द्यावी.

26 जानेवारी : खर्च किती राहिला ते बघायचं, म्हणजे मार्चमध्ये घाईची खरेदी होत नाही.

प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. मुलींचे प्रश्न, मग ते स्वच्छतागृहाचे असोत की संगणक वर्गाच्या वेळेचे, तिथं मोकळेपणानं निघतात. तो ठराव मुख्य सभेपुढं वाचून दाखवावा लागतो, हेही लक्षात ठेवावं.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात जे कमी असेल तेवढे मतदार हजर लागतात. गावात शंभर तरुण मतदार नाहीत असं सहसा होत नाही. पहाटे रस्त्यावर पळणारी, दुपारी पारावर मोबाईल बघणारी आणि कारखान्यावरून नुकतीच परतलेली पोरं एकदा सकाळी सभेला येऊन बसली, आणि नमुना 28 वाचून दाखवा एवढंच म्हणाली, तरी आढाव्याला सुरुवात झाली.